घराण्याचा इतिहास आणि जुन्या वृत्तपत्रांची साक्ष

दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात भोगनगराच्या आनंद चेतियात तथागतांनी भिक्खूंना चार महापदेश सांगितल्याचा प्रसंग आहे. एखादा भिक्खू येऊन म्हणेल की हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले. दुसरा म्हणेल, अमुक विहारातील संघाकडून ऐकले. तिसरा अनेक बहुश्रुत थेरांचा दाखला देईल, तर चौथा एकाच थेराचा. चारही प्रसंगी तथागतांची शिकवण एकच आहे. त्या वचनाचे लगेच अभिनंदनही करू नये आणि त्याचा धिक्कारही करू नये. त्यातील पदे व अक्षरे नीट ध्यानात घ्यावीत, सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावीत, आणि मगच निर्णय करावा.

पालि वाङ्मयाचे अध्यापन करताना हा उतारा मी अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. तो आपल्या स्वतःच्या घराच्या इतिहासालाही तंतोतंत लागू पडतो हे मात्र मला फार उशिरा उमगले. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या अनुभवाच्या आधारे एका उपेक्षित साधनाकडे वाचकांचे लक्ष वेधणे हा आहे. ते साधन म्हणजे जुनी मराठी वृत्तपत्रे, त्यातही जिल्ह्याजिल्ह्यांतून निघालेली लहान पत्रे आणि आपल्या चळवळीची नियतकालिके.

घराण्याचा इतिहास आपण का शोधावा?

प्रथम एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. आपण जन्मावर आधारलेली श्रेष्ठता नाकारली आहे. मग वाडवडिलांची वंशावळ शोधण्याचा खटाटोप बौद्धाने कशासाठी करावा? सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात माणसाची ओळख जन्मावरून न ठरता कर्मावरून ठरते, शेती करणारा शेतकरी होतो आणि चोरी करणारा चोर, असे प्रतिपादन आहे. आक्षेपाचे उत्तर याच सुत्तात आहे. वंशावळ ही कोण कोणापासून जन्मला याची यादी असते. इतिहास हा कोणी काय केले याचा वृत्तांत असतो. आपल्याला हवा आहे तो दुसरा.

आपल्या पूर्वजांची नावे सरकारी दप्तरांत नाहीत असे नाही. वतनाच्या कागदांत, गावकामगारांच्या याद्यांत आणि फौजदारी खटल्यांत ती सापडतात. परंतु त्या कागदांत माणूस येतो तो त्याच्या जन्माने लादलेल्या कामापुरता. कोणाची पाळी, कोणाचा हिस्सा, कोणाचा गुन्हा, एवढेच तेथे दिसते. त्याने सभेला जाण्यासाठी किती कोस पायपीट केली, मुलीला शाळेत घातले की नाही, मजुरीतले किती आणे चळवळीला दिले, हे दप्तराला ठाऊक नसते. ते वृत्तपत्राला ठाऊक असते. म्हणून कर्मावरून माणूस ओळखायचा असेल तर वृत्तपत्राकडे वळावे लागते.

कोणती पत्रे?

आपल्या समाजाचा वृत्तपत्रांशी संबंध 'मूकनायक'पासून सुरू झाला अशी समजूत पुष्कळदा आढळते. वस्तुतः तो त्याहून जुना आहे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतून १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढले. महाडजवळील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी 'दीनबंधु'तून अस्पृश्यतेविरुद्ध लेखन केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्याहून 'सोमवंशीय मित्र' सुरू केले, तर नागपूरकडे किसन फागूजी बनसोडे यांनी एकामागून एक पत्रे चालविण्याची धडपड केली.

यानंतर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रांची परंपरा येते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक', ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत', १९२८ साली समाज समता संघाचे 'समता', २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता', आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून त्याच 'जनता'चे 'प्रबुद्ध भारत' हे नामांतर, असा हा क्रम आहे. 'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत' यांचे उपलब्ध अंक महाराष्ट्र शासनाने १९९० साली वसंत मून यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यामुळे आरंभ करणाऱ्याला आज दूर कोठे जाण्याचे कारण नाही. मात्र आपण हे अंक अग्रलेखांसाठी वाचतो. अग्रलेखांखालची लहान टाइपातली सभावृत्ते, पत्रव्यवहार, वर्गणीची पोच आणि निवेदने नजरेआड राहतात. घराण्याचा इतिहास मुख्यतः तेथेच असतो.

तिसरा वर्ग स्थानिक पत्रांचा. जिल्ह्याच्या गावी निघणारी ही पत्रे बहुधा सवर्ण संपादकांची असत आणि आपल्या चळवळीविषयी कित्येकदा उघड विरोधाने लिहीत. तरीही ती टाकून देता येत नाहीत. विरोधकाने अनवधानाने नोंदविलेले नाव ही पुष्कळदा अधिक भक्कम साक्ष असते, कारण ते नाव नोंदविण्यात त्याचा काही लाभ नसतो. या पत्रांचे मूळ अंक नष्ट झाले असले तरी सर्व वाट बंद होत नाही. देशी भाषांतील पत्रांत काय छापून येते याचा इंग्रजी गोषवारा ब्रिटिश सरकार नियमितपणे तयार करवीत असे. मुंबई इलाख्याचे हे गोषवारे मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात पाहता येतात. मूळ अंकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्था आणि जिल्ह्यांच्या गावची नगर वाचनालये धुंडाळावी लागतात.

नावांचा गुंता

शोधाला बसलेल्याची पहिली अडचण नावाची असते. आजचे आडनाव घेऊन १९२० च्या अंकात शोधू लागल्यास हाती काही लागत नाही. पूर्वाश्रमीच्या महार समाजात पुरुषाच्या नावापुढे 'नाक' लावण्याची रीत होती. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभावर अशी नावे कोरलेली आजही दिसतात. पुढे शाळा, पलटण, गिरणी आणि रेल्वे यांच्या निमित्ताने आडनावे स्थिरावली व गावाच्या नावाला 'कर' जोडून अनेक आडनावे झाली. खुद्द बाबासाहेबांचे घराणे सकपाळ; परंतु साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांची नोंद 'भिवा रामजी आंबेडकर' अशी झाली. एकाच पिढीत एकाच माणसाला तीन तऱ्हांनी ओळखले जात असेल तर शोधकाने तिन्ही नावे जवळ ठेवली पाहिजेत. धम्मदीक्षेनंतर तर मुलांची नावेच बदलली. राजपत्रातील नाव बदलल्याच्या जाहिराती याही दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत.

स्त्रियांच्या बाबतीत हा गुंता अधिक आहे. सभावृत्तात 'स्त्रियांचीही उपस्थिती लक्षणीय होती' एवढ्या एका वाक्यात शेकडो आज्या-पणज्या गडप होतात. नाव आलेच तर ते सासरचे असते आणि माहेरची माणसे ते ओळखीत नाहीत. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथासाठी चळवळीतील स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून त्यांचे वृत्तांत मिळविले. छापील कागद आणि तोंडी आठवण यांची सांगड घातल्याशिवाय स्त्रियांचा इतिहास उभा राहत नाही, हा धडा त्या ग्रंथाने दिला आहे.

दुसरी अडचण काळाची. आपल्या घरांतील वृद्ध माणसे सनावळी सांगत नाहीत. 'मानमोडीच्या साली', 'महाडच्या वर्षी', 'दीक्षेच्या आदल्या उन्हाळ्यात' असे सांगतात. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. अशा आठवणी आधी सनात बसवाव्यात, आणि मगच अंक उघडावेत. शके दिले असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढावा. पौषापासून पुढच्या तिथींना मात्र बहुधा ७९ मिळवावे लागतात, हे विसरू नये.

एका घराची हकीकत

आता माझ्याच घराची हकीकत सांगतो. आमचे मूळ गाव महाडच्या परिसरातले. आजोबा महाडला गेले होते, हे आमच्या घरातील पहिले वाक्य. माझ्या थोरल्या आत्या आज सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलो की, "तुझ्या आज्यानं दिवसा तळ्याचं पाणी पिलं आन् रात्री तो ग्रंथ जळताना डोळ्यानं बघितला."

वृत्तपत्र हाती घेताच पहिली ठेच येथे लागली. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेनंतर चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले ते २० मार्च १९२७ रोजी. मनुस्मृतीचे दहन झाले ते २५ डिसेंबर १९२७ रोजी. दोहोंत नऊ महिन्यांचे अंतर आहे. डिसेंबरच्या परिषदेच्या वेळी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम होता आणि सत्याग्रह तहकूब झाल्याने तळ्याचे पाणी घेतले गेले नाही. तेव्हा आजोबा एक तर दोन्ही वेळा गेले असतील, किंवा एकदाच गेले असतील आणि दुसऱ्या प्रसंगाची हकीकत इतरांकडून ऐकून घराने ती त्यांच्या नावावर जमा केली असेल. आत्या खोटे बोलत नव्हत्या. स्मृती प्रसंगांना जवळ ओढते आणि छापील तारीख त्यांना पुन्हा आपापल्या जागी ठेवते, एवढाच याचा अर्थ.

आजोबांचे नाव मला कोणत्याही यादीत मिळाले नाही. हजारोंच्या समुदायातील एका विशीतल्या तरुणाचे नाव मिळावे अशी अपेक्षाही रास्त नव्हती. जे मिळाले ते निराळेच होते.

महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा, हलकी ठरविलेली कामे टाकून स्वाभिमानाने जगण्याचा उपदेश केला. त्यानंतर आसपासच्या गावांतून आपल्या लोकांनी मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले आणि गावोगावी त्यांच्यावर बहिष्कार पडले. त्या दिवसांतील एका जिल्हापत्राच्या जीर्ण अंकात आमच्या गावचे सातआठ ओळींचे वृत्त होते. महारांनी काम बंद केल्यामुळे गावाने त्यांचे दुकान-पाणी बंद केले होते. मात्र 'त्यांपैकी काही समंजस मंडळींनी' गावापुढे येऊन पूर्ववत काम करण्याचे कबूल केले, असे त्यात म्हटले होते. खाली तीन नावे होती. त्यातील एक नाव, बापाच्या नावासह, आजोबांच्या थोरल्या भावाचे होते.

त्या वाचनालयात मी कितीतरी वेळ तो अंक मिटवू शकलो नाही. थोरल्या आजोबांविषयी आमच्या घरात कधीच कोणी बोलत नसे. त्यांच्या शाखेला लग्नाचे आमंत्रण जात नसे. कारण विचारले तर 'ती माणसं गावाकडची' एवढेच उत्तर मिळे. दोन पिढ्यांच्या मौनाचे कारण त्या सात ओळींत होते असे मला वाटले. ते कात्रण उतरून न घेता परत यावे असाही विचार मनात येऊन गेला, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

ताडून पाहण्याची रीत

अशा वेळी पालि परंपरेचा आधार होतो. पहिल्या संगीतीत महाकस्सप थेरांनी उपालींना पहिल्या पाराजिकाविषयी विचारले ते असे की, तो नियम कोठे घालून दिला गेला, कोणाच्या संदर्भात, आणि कोणत्या प्रकरणी. वेसाली, सुदिन्न कलंदपुत्त आणि त्याच्याकडून घडलेले मैथुन, ही तिन्ही उत्तरे मिळाल्यावरच पुढचा प्रश्न आला. आनंदांनाही सुत्तांविषयी तसेच विचारले गेले. वृत्तपत्रातील प्रत्येक ओळीला हेच तीन प्रश्न विचारावेत: ही कोठून लिहिली गेली, ती कोणाविषयी आहे, आणि ती लिहिण्याचे प्रयोजन काय?

मी ते प्रश्न विचारले. कोठून? बातमीदार गावातला नव्हता. वृत्त तालुक्याच्या ठिकाणाहून पाठविले होते. कोणाविषयी? त्या नावाचा व त्याच बापाचा दुसरा माणूस गावात नसल्याची खात्री जुन्या कागदांवरून करून घेतली. कोणत्या प्रकरणी? पत्र चळवळीच्या विरोधातले होते. 'समंजस' हा शब्दच त्याची बाजू सांगतो. आपली माणसे फुटली असे छापण्यात त्याचा लाभ होता. म्हणून वृत्त संपूर्ण खरे धरता येत नाही आणि ते विरोधकाचे म्हणून संपूर्ण खोटेही धरता येत नाही.

पुढे तालुक्याच्या जुन्या दप्तरात गावकीच्या कामाची पाळी पाहिली. त्या वर्षी ती थोरल्या भावाच्या घराकडे होती. गावाचा दाब सर्वांवर असला तरी हिशेब मागितला जाणार होता तो त्यांच्या दारात.

मग मी आत्यांना विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाळ, त्येंच्या घरात तेव्हा तान्ही पोर व्हती. इहिरीवर जाऊ देत नव्हते, दुकानात मीठ मिळत नव्हतं. पोर वाचली नाही. तुझ्या आज्याला हे ठावं व्हतं. पर राग काय गेला नाही."

अखेर थोरल्या शाखेतील माझ्या वयाच्या एका बंधूंना पत्र लिहिले. ते घराणे गेली साठ वर्षे मुंबईत आहे. त्यांचे उत्तर आले. त्यांच्या घरात सांगतात ती गोष्ट अशी: धाकट्याला महाडला जाता यावे म्हणून थोरला मागे राहिला, दोन्ही घरांची भातशेती त्याने सांभाळली, आणि गावाचा सगळा राग आपल्या अंगावर घेतला. ते पत्र वाचताना आमच्या घरातील पहिले वाक्य मला अपुरे वाटू लागले. आजोबा महाडला गेले होते, हे खरे. पण त्यासाठी कोणीतरी गावात राहिले होते.

यातील कोणती गोष्ट खरी? जिल्हापत्र, दप्तर, आत्या आणि चुलत शाखा, हे चार साक्षीदार. त्यांच्यात परस्परविरोध आहे तेथे तो आहे असेच मी लिहून ठेवले आहे. कबुली दिली गेली की नाही याचा निर्णय मी केलेला नाही. परंतु पाळी त्यांची होती, बहिष्कार पडला होता, आणि घरात लहान मूल दगावले, या गोष्टी एकमेकींना छेद देत नाहीत. आमच्या घराच्या वहीत आता थोरल्या आजोबांचे पान आहे. गतवर्षीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी दोन्ही शाखांची माणसे प्रथमच एका ठिकाणी बसली. आत्यांनी त्या बंधूंच्या हातात स्वतः पाण्याचा तांब्या दिला.

शोधकर्त्यांसाठी काही सूचना

हे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी अनुभवाअंती काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आधी घरातील वृद्धांचे बोलणे जसेच्या तसे उतरून घ्यावे. ते सुधारून लिहू नये. अंक कायम राहतील, माणसे राहणार नाहीत. त्यानंतर गाव, तालुका आणि एखादा मोठा प्रसंग निश्चित करून त्याच्या आधीचे व नंतरचे सहा महिन्यांचे अंक ओळीने चाळावेत. आपल्याच नावाचा शोध घेत बसू नये; गावाचे नाव शोधावे, माणूस त्याच्या पाठोपाठ येतो. सभावृत्ते, देणग्यांची पोच, शाळा-वसतिगृहांची वृत्ते, न्यायालयातील प्रकरणे आणि वाचकांची पत्रे हे भाग विशेष लक्ष देऊन वाचावेत.

सापडलेला मजकूर उतरताना पत्राचे नाव, तारीख, अंक व पृष्ठ लिहावे. केवळ कात्रणाला पुढे काही किंमत राहत नाही, कारण त्याला निदान नसते. एकाच घटनेची दोन विरुद्ध पक्षांच्या पत्रांतील वृत्ते शेजारी ठेवावीत. महाडच्या मार्चमधील दंगलीच्या वेळी वीरेश्वराच्या मंदिरात शिरण्याची अफवा कशी पसरली आणि मग मार कोणी खाल्ला, हे अशा तौलनिक वाचनाशिवाय समजत नाही. 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक त्या घटनेनंतर अवघ्या चौदा दिवसांनी निघाला. आपली बाजू आपणच छापली पाहिजे याची निकड त्या तारखेवरूनही लक्षात येते.

आणि एक. जे सापडेल ते गौरवाचेच असेल असे धरून चालू नये. चळवळीचा इतिहास केवळ पुढे चाललेल्या माणसांचा नसतो. थकलेल्या, वाकलेल्या, पुन्हा उठलेल्या माणसांचाही असतो. अनुस्सवाला, म्हणजे केवळ ऐकीव गोष्टीला, प्रमाण मानू नका असे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी आहोत. ते वचन दुसऱ्यांच्या पुराणांना लावायचे आणि आपल्या घरातील आख्यायिकांना वगळायचे, हे सम्यक दृष्टीला धरून होणार नाही.

आज आपल्या वस्त्यांतील पेट्यांत आणि माळ्यांवर 'जनता', 'प्रबुद्ध भारत' यांचे सुटे अंक पडून आहेत. वाळवी त्यांची वाट पाहते आहे. प्रत्येक विहाराने आपल्या परिसरातील असे अंक एकत्र करून त्यांची सूची केली आणि छायाप्रती काढून मूळ अंक कोरड्या जागी ठेवले, तर येत्या पिढीवर फार मोठे उपकार होतील. मुलांना वर्षावासाच्या तीन महिन्यांत आजी-आजोबांची हकीकत लिहून आणण्यास सांगितले तर आरंभ तेथूनही होऊ शकेल. ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत अशा माणसांनी हा समाज उभा केला. त्यांची नावे शोधून, ताडून, जशी आहेत तशी लिहून ठेवणे हे आपल्याकडे राहिलेले त्यांचे देणे आहे.